सामाईक संगणकावरून उठताना



दर आठवड्याला या पानावर बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी आपले बोलणे होते. आज शिवाराबाहेरची एक गोष्ट सांगणार आहे. ती माझ्याच चुकीची आहे, म्हणून सांगताना थोडा संकोच वाटतो. पण फवारताना तोंडाला फडके बांधा म्हणून गावभर सांगणाऱ्याने स्वतः उघड्या तोंडाने फवारले, तर निदान तसे कबूल तरी करावे.

गेल्या मार्गशीर्षात हरभऱ्यावरील घाटेअळीच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस एका कृषी महाविद्यालयात गेलो होतो. पहिल्या दिवशी दुपारी साहेबांनी प्रात्यक्षिक प्लॉट घेतलेल्या शेतकऱ्यांची यादी कागदावर मागितली. यादी माझ्या फोनमध्ये होती. कॉलेजच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी ओळीने संगणक मांडले आहेत. त्यातल्या एकावर बसलो, पडद्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड फोनने टिपला आणि व्हॉट्सॲप संगणकावर उघडले. यादी छापली, खिडकी बंद केली आणि जेवायला गेलो. काम झाले, असे मी समजलो.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर फोन उघडला, तर सगळ्यात वर माझ्याच नंबरवरून मलाच आलेला एक निरोप. ‘सर, तुमचे व्हॉट्सॲप ग्रंथालयातल्या संगणकावर उघडे राहिले होते. मी काही वाचले नाही. बंद करत आहे. उद्या पुन्हा बसलात तर आधी लॉग आउट करा.’

बंधूंनो, मला घाम फुटला. माझ्या फोनमध्ये काय असते ते तुम्हीच जाणता, कारण तुम्हीच ते पाठवता. अनुदानाच्या अर्जासाठी आधार कार्डाचा फोटो, बँक पासबुकाचे पहिले पान, सातबारा, फळबाग लागवडीचे कागद. दहा-बारा गावांचे शेतकरी गट त्यात आहेत. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते सगळे एका सार्वजनिक टेबलावर उघडे पडले होते. कागद चोरीला जाणे ही त्यातली लहान गोष्ट. त्या खुर्चीवर एखादा वाईट माणूस बसला असता आणि त्याने माझ्या नावाने गटांवर लिहिले असते, की ‘ठिबकचे अनुदान मंजूर झाले आहे, आज संध्याकाळपर्यंत या नंबरवर पाचशे रुपये भरा’, तर तुमच्यापैकी किती जणांनी भरले असते? साहेबांचा नंबर आहे म्हणून पुष्कळांनी भरले असते. गावात माझ्या शब्दावर तुमचा जो विश्वास आहे, तीच माझी नोकरीभराची कमाई. ती मी एका खुर्चीवर विसरून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात चौकशी केली. निरोप पाठवणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरी तीन एकर कोरडवाहू. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ती संध्याकाळी ग्रंथालय बंद होण्याआधी सगळे संगणक बंद करण्याचे काम करते. मी तिचे आभार मानले, तेव्हा ती हसून म्हणाली, “सर, तुम्ही एकटे नाही. रोज कोणाचे ना कोणाचे काहीतरी उघडे सापडतेच. कोणाची मेल, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, तर कोणाच्या वडिलांचे आधार.”

तिचे ते शेवटचे वाक्य ऐकून मी हा लेख लिहायचे ठरवले. कॉलेजातल्या संगणकावर मूल बसते, पण त्यावर कागद सगळ्या घराचे जातात. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, आईच्या खात्याचा क्रमांक, जातीचा दाखला, वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी, सगळे त्याच टेबलावर येते. तेव्हा ही गोष्ट एकट्या विद्यार्थ्याची नाही, तुमच्या घराची आहे.

आता सामाईक संगणक घरच्या संगणकाहून वेगळा कसा, ते मळणी यंत्रावरून सांगतो. मळणी यंत्र गावभर फिरते. बियाण्याचा गहू मळायचा असेल तर आधी यंत्र झाडून घ्या, असे आम्ही नेहमी सांगतो. आधीच्या शेतकऱ्याचे दाणे आणि तणाचे बी यंत्राच्या पोटात अडकलेले असते, ते तुमच्या बियाण्यात भेसळ करते. तुमचे काम झाल्यावर तुमचे दाणेही तसेच त्यात राहतात आणि पुढच्याच्या खळ्यावर जातात. सामाईक संगणकाचे अगदी असेच आहे. आधीच्याने ठेवलेली घाण तुम्हाला लागू शकते आणि तुमचा माल पुढच्याला मिळू शकतो.

तुमचा माल कुठे कुठे राहतो, ते पाहा. पहिली जागा ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असे तो विचारतो आणि मूल घाईत ‘हो’ म्हणून जाते. दुसरी जागा डाउनलोडचा कप्पा. उतरवून घेतलेला प्रत्येक कागद तिथे पडून राहतो. फाइल पुसली तरी ती आधी कचरापेटीत जाते. तीही रिकामी करावी लागते. तिसरी जागा म्हणजे उघडे राहिलेले खाते. खिडकी बंद करणे म्हणजे खाते बंद करणे नव्हे. दार लोटले, पण कडी घातली नाही, असा तो प्रकार. माझी चूक हीच होती.

ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, मग भीती कशाची, असे कोणी म्हणेल. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गातल्या मुलाचे नाव आणि जन्मवर्ष वर्गात कोणापासून लपून राहते?

आणि आधीच्याने ठेवलेली घाण म्हणजे काय? पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस पुष्कळांनी पाहिले असतील. सगळे फोल्डर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी बाणाची खूण असलेली चित्रे दिसतात. याहून वाईट प्रकार म्हणजे कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून ठेवणारे प्रोग्राम. तसेच काम करणारी बोटभर लांबीची वस्तूही मिळते. कळफलकाची वायर आणि संगणक यांच्यामध्ये ती कोणी खोचून ठेवली, तर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तुम्ही उठताना कितीही झाडलोट केली तरी टिपलेला पासवर्ड टिपलेलाच राहतो.

हे दुखणे आजचे नाही. सामाईक संगणक आणि पासवर्ड ही जुळी भावंडे आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अनेकांनी एकाच वेळी एकच संगणक वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. तेव्हा संगणक खोलीभर मोठा आणि फार महाग असे. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला, आणि कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवावी तसे वापराचे तासही ठरवून दिले. ॲलन शेर या विद्यार्थ्याला मिळालेले तास पुरेनात. १९६२ साली त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या पाळीचे पाणी स्वतःच्या शेतात वळवले. ही चोरी त्याने स्वतःच पुढे कित्येक वर्षांनी कबूल केली. १९६६ साली तिथेच आणखी एक घोटाळा झाला. स्वागताच्या मजकुराची फाइल आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात सगळ्यांचे पासवर्ड येऊन पडले. एका वेळी माणसाचा लोभ, दुसऱ्या वेळी माणसाचा निष्काळजीपणा. साठ वर्षांत यंत्रे बदलली. या दोन गोष्टी बदललेल्या नाहीत.

मग उपाय काय? सामाईक विहिरीचे कठडे बांधणे पंचायतीचे काम आणि पाणी काढून झाल्यावर झाकण लावणे ज्याचे त्याचे काम. इथेही दोन वाटे आहेत.

पहिला वाटा कॉलेजचा. विद्यार्थ्यांना साधे खाते द्यावे, संगणकाच्या मालकीचे खाते देऊ नये. म्हणजे कोणालाही नवा प्रोग्राम त्यात घालता येणार नाही. संगणकाची व्यवस्था जुनी झाली असेल तर बदलावी. विंडोज १० या व्यवस्थेला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. जादा मुदतीची वेगळी नोंदणी केली नसेल, तर असा संगणक कुंपण मोडलेल्या शेतासारखा समजावा. पाच-दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप कुलूपबंद व्हावा, अशी सोय असते. ती चालू ठेवावी. कळफलकाच्या वायरी मागून कधीतरी तपासाव्यात.

याशिवाय एक चांगला उपाय आहे. काही प्रोग्राम असे असतात, की संगणक बंद करून पुन्हा चालू केला की तो सकाळच्या मूळ स्थितीवर येतो. मध्ये कोणी काय ठेवले, काय बिघडवले, ते सगळे पाटी पुसावी तसे पुसले जाते. कॅनडातल्या एका कंपनीचा ‘डीप फ्रीझ’ हा त्यातला प्रसिद्ध. मी त्या मुलीला विचारले, तुमच्याकडे हे का नाही? ती म्हणाली, “होते सर. पण वीज गेली की मुलांचे प्रकल्पाचे लिखाणही पुसले जायचे. तक्रारी झाल्या, मग ते काढूनच टाकले.”

ऐकून मला आपल्या गावातली गोष्ट आठवली. गुरे अडतात म्हणून वाटेवरचे फाटकच उपटून टाकायचे, असे आपण करतोच की! खरे म्हणजे वाट काढता येते. संगणकाचा एक कप्पा न पुसणारा ठेवता येतो, किंवा प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या पासवर्डची वेगळी जागा कॉलेजच्या मुख्य संगणकावर देता येते. लिखाण तिथे ठेवावे, बाकीचे पुसले जावे. हे करायला खर्चापेक्षा कोणीतरी मनावर घेणे जास्त लागते. अशी सोय असलेल्या ठिकाणीही एक ध्यानात असू द्या, पुसण्याचे काम संगणक पुन्हा चालू केल्यावरच होते. तुम्ही नुसते उठून गेलात आणि लगेच दुसरा बसला, तर त्याला सगळे जसेच्या तसे दिसेल.

दुसरा वाटा आपला. मुलाला किंवा मुलीला पुढील गोष्टी वाचून दाखवा. जमल्यास हे पान कापून त्यांच्या वहीत ठेवा.

१. बँकेचे आणि पैशाचे कोणतेही काम सामाईक संगणकावर करू नये. कळा टिपणाऱ्या प्रोग्रामपुढे दुसरा इलाज नाही. पैशाचे काम स्वतःच्याच फोनवर करावे.

२. बसल्यावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी. तिला इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट म्हणतात. ती बंद केली की पासवर्ड आणि पाहिलेल्या पानांची नोंद मागे राहत नाही. पण उतरवलेल्या फाइली राहतात आणि कळा टिपणारा प्रोग्राम तिलाही जुमानत नाही, हे विसरू नये.

३. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘नाही’.

४. मधेच पाणी प्यायला उठायचे झाले तरी पडदा कुलूपबंद करावा. कळफलकावरची विंडोजची खूण असलेली कळ आणि एल ही कळ एकदम दाबली की पडदा बंद होतो. मात्र सगळ्यांसाठी एकच खाते आणि एकच पासवर्ड असेल, तर हे कुलूप उपयोगाचे नाही. तिथे आपली खाती बंद करूनच उठावे.

५. काम संपल्यावर आधी लॉग आउट, मग डाउनलोडच्या कप्प्यातील फाइली पुसणे, मग कचरापेटी रिकामी करणे, आणि शेवटी शक्य असेल तर संगणक बंद करून पुन्हा चालू करणे. छापखान्यात अडकलेला कागद नंतर बाहेर पडतो. म्हणून छापायला दिलेली सगळी पाने मोजून हातात घ्यावीत.

६. आधारची प्रत द्यायची असेल आणि समोरच्याला चालत असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्यावे. ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावर मिळते.

७. पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावण्याआधी तपासून घ्यावा. व्हायरस काढण्याची काही मोफत साधने भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात.

८. खाते उघडे राहिले असे नंतर आठवले, तर धावत परत जायची गरज नाही. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून जागा आहे. तुमचे खाते कोठे कोठे उघडे आहे ते तिथे दिसते आणि तिथूनच बंद करता येते. गुगलच्या खात्यातही ‘तुमची उपकरणे’ अशी यादी असते. बंद करावे आणि पासवर्ड लगेच बदलावा.

९. खात्यातून पैसे गेलेच, तर एक नऊ तीन शून्य या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पीक वाळल्यावर पाणी देऊन उपयोग नसतो. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

एक सूचना वात्रट पोरांसाठी. मित्राचे खाते उघडे दिसले म्हणून त्याच्या नावाने भलतेसलते लिहिणे ही काहींना गंमत वाटते. पण लबाडीच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी या कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गमतीपायी नोकरीच्या वयात पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ येऊ नये. उघडे खाते दिसले तर त्या मुलीने केले तेच करावे: न वाचता बंद करावे आणि जमल्यास मालकाला कळवावे.

आता पालकांना सांगणे. आपण मुलाला कॉलेजात घातले, की वसतिगृह पाहतो, खानावळ पाहतो, फी विचारतो. पुढच्या वेळी पालकसभेला जाल तेव्हा हेही विचारा: संगणकांची देखभाल कोण करते? मुलांना वेगळे खाते आहे का? वापरानंतर संगणक पुसला जातो का? विचारायला संगणक शिकलेले असावे लागत नाही. आपण विहीर खोदलेली नसते, तरी पाणी स्वच्छ आहे का, हे विचारतोच ना? हे प्रश्न कोणाला दोष देण्यासाठी नाहीत. त्या ग्रंथालयात एक विद्यार्थिनी तासाच्या मजुरीवर जे सांभाळते, ते सांभाळण्याची रीतसर व्यवस्था व्हावी, एवढेच मागणे आहे.

प्रशिक्षणाहून परतल्यावर मी सगळ्या गटांवर घडलेली गोष्ट लिहून टाकली. माझ्या नावाने पैशाची मागणी आली, तर ती खोटी समजा, आधी मला फोन करा, असेही कळवले. लाज वाटली, पण लिहिले. एका वयस्कर शेतकऱ्याने रात्री फोन करून म्हटले, “साहेब, तुम्ही सांगितले ते बरे केले. आमचा धाकटा कॉलेजात आहे, त्याला आताच विचारतो.” त्यांनी विचारले. मुलाचे व्हॉट्सॲप शहरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात चार दिवस उघडे होते.

म्हणून या आठवड्यात एवढे करा. मूल सुटीला घरी येईल, तेव्हा जेवण झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या फोनमधली ती ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी दोघे मिळून उघडून पाहा. अनोळखी संगणक दिसला तर तिथेच बंद करा. मग तुमचा फोन त्याच्या हातात द्या आणि तुमचीही यादी पाहायला सांगा.

पुढच्या अंकात पुन्हा हरभऱ्याकडे वळू. कामगंध सापळे लावले नसतील, तर तेवढे लावून घ्या.